तिसाकाठचा मारामुरेश: कडेला पडलेले खोरे

रुमानियाच्या उत्तर टोकाला युक्रेनला लागून असलेल्या मारामुरेश जिल्ह्याविषयी जे काही लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा एकच असतो. उंच निमुळत्या शिखरांची लाकडी चर्चे, अंगणाच्या तोंडाशी उभी असलेली कोरीव लाकडी महाद्वारे, उतारांवर गवताच्या गंजी, रविवारी पारंपरिक पोशाखात प्रार्थनेला निघालेली गावे. युरोपात इतरत्र नाहीसे झालेले जुने खेडे इथे डोंगरांच्या आडोशाला टिकून राहिले, कारण जगाचा या खोऱ्याशी कधी फारसा संबंधच आला नाही, असे त्या लेखनाचे तात्पर्य असते. यातले वर्णन खरे आहे, कारणमीमांसा मात्र चुकीची आहे. मारामुरेश शेकडो वर्षे जगाशी चांगला जोडलेला होता. त्याचे आजचे दूरपण जेमतेम शंभर वर्षांचे आहे, आणि ते डोंगरांनी आणलेले नाही. १९२० साली तिसा नदीच्या पात्रातून एक राजकीय सीमा गेली आणि जी नदी या प्रदेशाच्या मधोमध वाहत होती ती त्याची कड झाली. इथली शेती, रेल्वे, शहरे, स्थलांतर, इथला तुरुंगसुद्धा, या एका घटनेशिवाय नीट समजत नाही.

आधी भूगोल पाहू. आजचा जिल्हा सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार साडेचार लाख वस्तीचा. तो दोन वेगळ्या प्रदेशांची मोट बांधून १९६८ साली तयार झाला. गुताई आणि त्सिब्लेश या डोंगरांच्या दक्षिणेला बाया मारे हे खाणींचे शहर, त्याच्या भोवतालचा सखल भाग आणि लापुश व किओआर हे जुने मुलूख. डोंगरांच्या उत्तरेला खरा, ऐतिहासिक मारामुरेश. या उत्तरेकडच्या भागात मारा नदी इझाला मिळते, इझा सिगेत शहरापाशी तिसाला, विशेऊ त्याच्या पूर्वेला तिसाला. सगळे पाणी वायव्येकडे जाते, म्हणजे रुमानियाकडे पाठ करून. पाण्याबरोबर रस्ते गेले, रस्त्यांबरोबर बाजार. या खोऱ्यातून कोणतीही जड वस्तू स्वस्तात बाहेर न्यायची तर ती तिसावरूनच न्यावी लागे. आणि तिसा पुढे पश्चिमेला वळून हंगेरीच्या विस्तीर्ण मैदानात उतरते, जिथे धान्य मुबलक आहे, पण मीठ नाही आणि इमारती लाकूडही नाही.

मारामुरेशकडे या दोन्ही गोष्टी होत्या. सिगेतच्या आसपास जमिनीखाली खनिज मिठाचे प्रचंड साठे आहेत: नदीच्या दक्षिणेला ओक्ना शुगाताग आणि कोश्तिऊई, उत्तरेला, सिगेतच्या अगदी समोर, स्लातिना. मध्ययुगीन हंगेरीच्या राज्यात मीठ हा राजाच्या मक्तेदारीचा माल होता. खजिन्याला हमखास पैसा देणारा. त्यामुळे हे सीमेवरचे डोंगराळ खोरे राजदरबाराच्या नजरेत फार लवकर आले. चौदाव्या शतकात राजाने तिसाकाठच्या पाच गावांना विशेष अधिकार देऊन नगरांचा दर्जा दिला. हुस्त, विश्क, तेचेऊ आणि कुंपुलुंग ला तिसा यांना १३२९ मध्ये सनदा मिळाल्या; सिगेतला त्यानंतर. ही पाच ‘राजनगरे’ म्हणजे मिठाच्या वाहतुकीची साखळी होती. आजच्या नकाशावर ती शोधली तर पहिली तीन युक्रेनमध्ये आणि उरलेली दोन रुमानियात सापडतात. एका व्यवस्थेचे असे दोन तुकडे झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे अवघड आहे.

मिठाची वाहतूक कशी चाले हे जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्या प्रदेशाचे अर्थकारण त्यात गुंफलेले होते. वरच्या खोऱ्यांत, राखिवच्या बाजूला आणि विशेऊ-वासेरच्या जंगलांत, झाडे तोडली जात. लहान ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी साठवायचे आणि एकदम सोडायचे, म्हणजे त्या लोंढ्याबरोबर ओंडके खाली येत. तिसावर त्यांचे तराफे बांधले जात आणि त्या तराफ्यांवर मिठाचे ठोकळे लादले जात. सोल्नोक आणि सेगेद या मैदानातल्या शहरांपर्यंत माल पोचला की मीठ उतरवायचे आणि तराफा मोडून त्याचे लाकूडही विकायचे. म्हणजे वाहन हाच दुसरा माल. प्रवाहाविरुद्ध काहीच परत न्यायचे नसल्याने खर्च कमी. अठराव्या शतकात हाब्सबुर्ग प्रशासनाने हा उद्योग अधिक पद्धतशीर करायचे ठरवले, तेव्हा १७७५ च्या सुमारास वरच्या ऑस्ट्रियातल्या, मिठासाठीच प्रसिद्ध असलेल्या साल्झकामरगुट भागातून लाकूडतोडीत वाकबगार कुटुंबे आणून तिसाच्या उत्तरेकडच्या मोक्रा खोऱ्यात वसवली. त्याच काळाच्या आसपास दक्षिणेकडे विशेऊ दे सुस इथे जर्मन भाषक त्सिप्सर लोकांची वस्ती उभी राहिली. जगापासून तुटलेल्या प्रदेशात सरकार दूरदेशीचे कारागीर आणून वसवत नाही.

मालाबरोबर माणसेही खाली जात. डोंगराळ मारामुरेशला स्वतःपुरते धान्य क्वचितच पिकवता येई, म्हणून सुगीच्या दिवसांत इथले शेतकरी मैदानात कापणीला जात आणि मजुरीचे धान्य घरी आणत. मीठ, लाकूड आणि श्रम खाली जायचे, गहू आणि मका वर यायचा. हा सौदा समसमान होता असे म्हणता येणार नाही. मिठाचा नफा राजाच्या तिजोरीत जाई, आणि खाणीत उतरणाऱ्याच्या किंवा तराफा हाकणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे येई. पण तो सौदा अखंड चालू होता, आणि त्याच्या आधारावर खोऱ्यातली लोकसंख्या जमिनीच्या कुवतीपेक्षा जास्त वाढू शकली. पुढे सीमा आल्यावर काय झाले ते समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

या देवाणघेवाणीमुळे लोकवस्तीही मिश्र झाली. १९१० च्या हंगेरियन जनगणनेत जुन्या मारामारोश परगण्यात सुमारे साडेतीन लाख लोक होते. त्यांत रुथेनियन, म्हणजे आजच्या भाषेत युक्रेनियन किंवा रुसिन, सुमारे ४५ टक्के. रुमानियन जवळपास २४ टक्के. उरलेल्यांत जर्मन आणि हंगेरियन. या जर्मन आकड्याकडे मात्र सावधपणे पाहायला हवे. यिडिश ही स्वतंत्र भाषा म्हणून त्या जनगणनेत मोजलीच गेली नव्हती, त्यामुळे ‘जर्मन भाषक’ म्हणून नोंदलेल्यांत बहुसंख्य ज्यू होते. लाकडाचा व्यापार, गिरण्या, दुकाने, वाहतूक यांत ज्यूंचा मोठा वाटा होता, आणि सिगेत हे हसिदी धर्मजीवनाचे महत्त्वाचे केंद्र होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या सातमार हसिदी पंथाचे संस्थापक योएल टाइटेलबाउम १८८७ साली इथेच जन्मले. हंगेरियन चित्रकलेला नवे वळण देणाऱ्या बाया मारे इथल्या कलावंत-वसाहतीचे प्रवर्तक शिमोन होलोशी हेही सिगेतचेच, जन्म १८५७. हे आडबाजूच्या खेड्यांचे बाजारगाव होते, एवढ्यावर अशा शहराचे स्पष्टीकरण होत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या १९२० च्या त्रियानों तहाने या परगण्याचे दोन भाग केले. तिसाच्या उत्तरेचा मोठा भाग चेकोस्लोव्हाकियाला गेला. दक्षिणेचा सुमारे एक तृतीयांश भाग, परगण्याचे मुख्य ठिकाण सिगेतसह, रुमानियाला. सुमारे ६० किलोमीटरपर्यंत नदी हीच सीमा ठरली. स्लातिनाच्या खाणी एका देशात आणि त्यांचा कारभार पाहणारे शहर दुसऱ्या देशात. आप्शाची रुमानियन भाषक गावे नदीपलीकडे राहिली, आणि रुस्कोवा, रेपेदेआ, पोयेनिले दे सुब मुंते ही युक्रेनियन भाषक गावे अलीकडे. ती आजही तशीच आहेत. म्हणूनच ही रेषा भाषेप्रमाणे आखली होती हे समर्थन अर्धेच खरे ठरते.

रेल्वेचा इतिहास या मोडतोडीची साक्ष देतो. १८७२ मध्ये हुस्तहून सिगेतला रेल्वे आली ती तिसाच्या काठानेच, कधी या काठाने, कधी त्या. ती कुंपुलुंगपाशी नदी ओलांडून दक्षिणेला येते, सिगेतमधून जाते, आणि पुढे वालेआ विशेऊलुईपाशी पुन्हा उत्तरेला राखिवकडे वळते. एका राज्यातली ही सोयीची आखणी दोन राज्यांत आल्यावर विलक्षण झाली. सिगेतहून उरलेल्या रुमानियाला जाणारी गाडी चेकोस्लोव्हाकियातून जाई, आणि चेकोस्लोव्हाकियाची राखिवकडे जाणारी गाडी रुमानियातून. दोन्ही देशांना एकमेकांच्या रुळांवरून जाण्याचे करार करावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेचा भाग सोव्हिएत संघात गेल्यावर हे चालवून घेणे रुमानियाला अशक्य झाले, आणि युवक ब्रिगेडांच्या श्रमावर १९४९ साली दक्षिणेकडून डोंगरांतून साल्वा–विशेऊ हा मार्ग पुरा करण्यात आला. म्हणजे मारामुरेश रुमानियाच्या ताब्यात आल्यापासून तो स्वतःच्या देशाशी स्वदेशातून जाणाऱ्या रुळाने जोडला जायला जवळजवळ तीस वर्षे लागली. दुर्गम भाग म्हणून इथे रेल्वे पोचली नाही, असे नव्हे. रेल्वे होती, पण ती आता परदेशाकडे जात होती.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. डोंगर काही १९२० मध्ये उगवले नाहीत. रोदना पर्वतातले पिएत्रोसुल शिखर २,३०३ मीटर उंच आहे, पूर्वेचा प्रिस्लोप घाट आणि दक्षिणेचा गुताई घाट हिवाळ्यात बिकट असतात; रोमन साम्राज्याचा डाचिया प्रांतही इथपर्यंत आला नव्हता. हे मान्यच आहे. पण डोंगरांमुळे दूरपण आले असेल तर ते सगळ्या बाजूंनी आणि सगळ्या काळात सारखे दिसायला हवे. तसे दिसत नाही. चौदाव्या शतकाच्या मध्याला कुहेआचा सरदार बोग्दान याच डोंगरांवरून पूर्वेला उतरला आणि हंगेरीची सत्ता झुगारून मोल्दोवाचे स्वतंत्र राज्य उभे करू शकला. तिसाच्या उत्तर काठावरच्या पेरी मठाला १३९१ मध्ये थेट कॉन्स्टंटिनोपलच्या धर्मगुरूंच्या अधिकाराखाली घेण्यात आले. बॉस्फरसच्या काठावर ज्याची दखल घेतली गेली तो मठ जगाच्या नजरेआड होता असे कसे म्हणावे? या काळातल्या सनदा इथल्या रुमानियन सरदार घराण्यांनी शतकानुशतके जपल्या, आणि योआन मिहाली दे आप्शा यांनी १९०० साली सिगेतमध्येच त्या छापून काढल्या. संग्राहकाच्या नावातले आप्शा आज सीमेपलीकडे आहे. पेरीचेही तेच. मूळ मठाची जागा युक्रेनमध्ये राहिल्यामुळे त्याच्या स्मरणार्थ नवा मठ गेल्या काही दशकांत अलीकडच्या काठावर, सापुंत्सा इथे, बांधावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या लाकडी चर्चांसाठी हा प्रदेश ओळखला जातो, ती सीमेच्या कितीतरी आधीची आहेत. पोयेनिले इझेई इथले १६०४ चे, बुदेश्ती इथले १६४३ चे, बिर्साना इथले १७२० चे. यांसह आठ चर्चे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. मग जुनेपण सीमेने कसे आणले? पण या इमारती नीट पाहिल्या तर त्या एकांतात वाढलेल्या कलेच्या वाटत नाहीत. त्यांचे आकाशात घुसणारे निमुळते शिखर हे शहरांतल्या गॉथिक दगडी चर्चांना लाकडात दिलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर देणारे सुतार अशी शहरे पाहत होते. अठराव्या शतकात आतली भित्तिचित्रे रंगवणारे अलेक्सान्द्रु पोनेहाल्स्की आणि रादु मुंतेआनु हे गावोगाव काम करणारे चित्रकार होते. आणि हीच उंच शिखरांची शैली पलीकडे, दानिलोवो, सोकिर्नित्सा, आप्शा इथेही आहे. ती एका अखंड खोऱ्याची शैली आहे. तिला ‘रुमानियाच्या दुर्गम कोपऱ्याची’ ठरवले ते सीमेने. शिवाय ज्याला सरसकट पुरातन समजले जाते त्यातले सगळेच पुरातन नाही. सापुंत्साचे प्रसिद्ध रंगीत स्मशान, जिथे मृताच्या आयुष्याची चार खट्याळ ओळींत नोंद करणारे निळे क्रूस आहेत, ते स्तान योआन पात्राश या कारागिराने १९३५ च्या सुमारास सुरू केले. ते सीमेनंतरच्या मारामुरेशचे अपत्य आहे, आणि तरीही ते माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतले तिथले सर्वांत जिवंत निर्माण आहे.

तिसरा आक्षेप असा की जुन्या व्यवस्थेचा ऱ्हास तसाही झालाच असता. रेल्वेने तराफ्यांची गरज कमी केलीच होती. मिठाची किंमत जगभर उतरत होती. खरे आहे. पण ऱ्हास आणि विच्छेद यांत फरक करायला हवा. ऱ्हास होत असताना शहरे नवे धंदे शोधतात, माणसे मजुरीची दिशा बदलतात. इथे एका बाजूची मैदाने, दुसऱ्या बाजूच्या खाणी, गिरणीचा कच्चा माल, सुगीची मजुरी हे सगळे थोड्याच वर्षांत परदेशात गेले, आणि त्या बदल्यात जी राजधानी मिळाली ती दूर, उलट्या उतारावर. ओक्ना शुगाताग आणि कोश्तिऊईच्या खाणी विसाव्या शतकात बंद पडल्या, तिथे आज खारट पाण्याची तळी आणि स्नानगृहे आहेत. स्लातिनाच्या, म्हणजे युक्रेनमधल्या सोलोत्विनोच्या, खाणींत या शतकात पाणी शिरले आणि जमीन खचली.

जुन्या परगण्याचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. १९१३–१४ मध्ये सिगेतच्याच न्यायालयात ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला म्हणून रुथेनियन शेतकऱ्यांवर देशद्रोहाच्या धर्तीचा खटला चालला होता. रुमानियन शेतकऱ्याला आपल्या भाषेतली सरकारी शाळा आणि जमीन सुधारणेचा लाभ १९२० नंतरच मिळाला, आणि त्याच्या दृष्टीने नवी सीमा ही मुक्ती होती. हे मोल कमी लेखता येत नाही. फक्त त्याची किंमत कोणी आणि कशात चुकवली हेही सांगायला हवे.

सर्वांत जड किंमत ज्यूंनी मोजली. १९४० च्या व्हिएन्ना निवाड्याने मारामुरेश पुन्हा हंगेरीकडे गेला. सिगेतच्या वस्तीत तेव्हा दर पाचांमागे जवळपास दोघे ज्यू होते. १९४४ च्या वसंतात त्यांना घेटोत कोंडले आणि मे महिन्यात चार गाड्यांतून आउशवित्झला पाठवले. १९२८ मध्ये सिगेतला जन्मलेले एली विझेल त्यांतले एक. शहराचा व्यापारी कणा काही दिवसांत नाहीसा झाला. त्या जागी पुढे कोण येणार होते? युद्धानंतर सिगेत पुन्हा रुमानियाकडे आले, पण समोरचा काठ आता सोव्हिएत संघाचा होता. १९४५ च्या सुरुवातीला सिगेतही त्या बाजूला जोडण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. नंतर कम्युनिस्ट राजवटीने शहराचे हे काठावरचे स्थानच वापरून घेतले. १८९७ साली बांधलेल्या तिथल्या तुरुंगात १९५० ते १९५५ या काळात जुन्या रुमानियाचे मंत्री, बिशप, इतिहासकार कोंडले गेले. सोव्हिएत सीमा दोन किलोमीटरवर असल्याने तिथून पळून जाण्याची शक्यताच नव्हती. माजी पंतप्रधान युलिउ मानिउ १९५३ मध्ये तिथेच वारले. कवयित्री आना ब्लांदियाना यांच्या पुढाकाराने १९९३ पासून त्या इमारतीचे स्मारक झाले आहे.

१९६८ च्या जिल्हा-रचनेने उरलेले वजनही सरकवले. मुख्य ठिकाण बाया मारे झाले. सोने, चांदी, शिसे आणि तांबे यांच्या खाणींचे हे शहर चौदाव्या शतकापासून ज्ञात आहे, पण ते गुताईच्या पलीकडे. तिथल्या अवजड उद्योगाने काही दशके जिल्ह्याला रोजगार दिला आणि हवा, पाणी विषारी केले. ३० जानेवारी २००० च्या रात्री बोझुंता मारे इथला खाणगाळाचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून तिसात गेले. हंगेरीत शेकडो टन मासे मेले. सहा आठवड्यांनी बोर्शाजवळचा दुसरा बांध फुटला, आणि या खेपेला जड धातूंचा गाळ वासेर, विशेऊ आणि तिसा या जुन्या तराफ्यांच्याच वाटेने खाली गेला. व्यापाराने सोडून दिलेली वाट प्रदूषणाला अजून मोकळी होती. २००७ मध्ये रुमानिया युरोपीय संघात आला, त्याच सुमाराला बहुतेक खाणी बंद झाल्या, आणि तरुण माणसे इटली, फ्रान्स, ब्रिटन, स्पेनकडे निघाली. त्यांच्या पैशातून गावोगाव दुमजली-तिमजली घरे उभी राहिली, त्यांतली बरीच वर्षातून अकरा महिने बंद असतात. पूर्वी सुगीला मैदानात जाणाऱ्यांचीच ही वाढलेली मजल आहे. खोरे आजही आपल्या सगळ्या माणसांना पोसू शकत नाही, आणि जवळचा बाजार आजही बंद आहे.

तो किती बंद होता हे पुलावरून कळते. सिगेत आणि सोलोत्विनो समोरासमोर आहेत, मध्ये फक्त नदी. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जुन्या पुलाच्या जागी सर्वसामान्यांना ओलांडता येईल असा लाकडी पूल खुला व्हायला जानेवारी २००७ उजाडले, आणि त्यावरूनही फक्त पायी जाणारे व हलकी वाहने. त्याच महिन्यात ही नदी युरोपीय संघाची बाहेरची सीमा झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे आक्रमण सुरू झाल्यावर याच पुलावरून युक्रेनियन बायका आणि मुले मोठ्या संख्येने सिगेतमध्ये आली, तर सक्तीच्या लष्करभरतीतून निसटू पाहणारे पुरुष तिसा पोहून ओलांडताना बुडाल्याच्या बातम्या येत राहिल्या. २०२३ च्या सुरुवातीला राखिव आणि वालेआ विशेऊलुई यांच्यामधली प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली, जुन्या रुळांच्याच मार्गावर. १ जानेवारी २०२५ पासून रुमानियाच्या हंगेरीकडच्या रस्त्यांवर नियमित तपासणी उरलेली नाही. सिगेतच्या पुलावर ती आहे, आणि बुडापेस्टला जाणारा सिगेतचा माणूस आता आपल्याच खोऱ्यातल्या सोलोत्विनोला जाणाऱ्यापेक्षा कमी अडथळे ओलांडतो.